उंबऱ्यावरची लाल फुली

ढुंढिराजसारखा भित्रा माणूस आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत दुसरा नाही. मी इथेच जन्मलो, बँकेतली नोकरी संपवून इथेच खिडकीत बसतो, तेव्हा हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. या गल्लीत समोरून सांड आला तरी लोक तोंडातलं पान आधी सावकाश थुंकतात आणि मग बाजूला होतात. ढुंढू मात्र मोकळ्या रस्त्यावरसुद्धा बिचकत चालतो. नजर कायम खाली. लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीकडे बघायचं सोडून खांब रोवलेल्या खड्ड्यांकडे बघतो. नवी फरशी बसवलेली दिसली की त्याच्या कपाळावर आठी उमटते. गल्लीतली पोरं विचारतात, "ढुंढूभैया, क्या गिर गया?" तो हसून पुढे जातो. बिचाऱ्याला राग कधी येतच नाही. ती सोय त्याच्या वाट्याची मी करतो.

जमिनीखाली काय आहे ते न खणता सांगायचं, हे त्याचं काम. एका ठेकेदाराकडे तो तंत्रज्ञ आहे. कुठेही रस्ता खोदायचा झाला की आधी हा जातो, यंत्र फिरवतो आणि खालून काय काय गेलंय त्याच्या रेघा वर मारतो. विजेची लाल, गॅसची पिवळी, पाण्याची निळी, सांडपाण्याची हिरवी. त्याच्याकडे एक चाकांचं यंत्र आहे, ते ढकलत तो निघाला की बायका हमखास म्हणणार, "अरे, बाबागाडी रिकामीच फिरवतोस का?" दुसरं यंत्र काठीसारखं. ते हातात धरून, कानाला हेडफोन लावून तो इंच इंच सरकतो. खाली जिवंत तार असली की ते कण्हायला लागतं. काशीत ढुंढिराज नावाचा माणूस ढूंढण्याचं काम करतो म्हटल्यावर लोकांनी त्याची काय थट्टा केली असेल ते सांगायला नको. मीही केली आहे.

पण आमच्या गल्लीच्या पोटात काय काय भरलंय ते त्याने एकदा मला नीट समजावून दिलं, तेव्हापासून मीही जरा जपून पाय टाकतो. गल्ली एवढी अरुंद, की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला तिरकं व्हावं लागतं. त्या तेवढ्याशा जागेत खाली जुनी विटांची गटार, त्याहून जुनी एखादी बुजलेली मोरी, बिडाचा पाण्याचा नळ, गॅसची नळी, इंटरनेटच्या तारा, आणि या सगळ्यांतून वाट काढत गेलेली विजेची जाड केबल. "काका, वरती आपण रांगेत चालतो. खाली कुणी रांगेत नाही," तो म्हणाला होता.

त्याच्या भीतीला कारण आहे. नोकरीला लागला त्या पहिल्याच हिवाळ्यात, शहराबाहेरच्या एका कामावर एक मजूर खणत होता. तिथल्या रेघा दुसऱ्याच कुणीतरी मारल्या होत्या, त्याही खडूने, आणि सकाळच्या दवाने त्या अर्ध्या पुसल्या गेल्या होत्या. मजुराने लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, मारली आणि पांढरा उजेड झाला. ढुंढू जवळच उभा होता. तो माणूस जगला, पण हात गेले. ढुंढू त्याला बघायला दवाखान्यात गेला आणि परत आल्यावर कित्येक दिवस हाताने जेवला नाही, चमच्याने जेवायचा. आनंदीवहिनींनी, म्हणजे त्याच्या आईने, एकदा मला हळूच विचारलं, "भाऊजी, याला नजर लागली का हो?" नजर कसली! पोरगा आपल्याच हातांना घाबरला होता.

तेव्हापासून त्याने एक नेम धरला. खूण करायची ती तेलाच्या रंगानेच. खडू नाही, चुना नाही, गेरू नाही. पुसली जाणार नाही अशीच खूण, आणि ती तो स्वतः मारणार. खणायला सुरुवात होईल तेव्हा स्वतः हजर राहणार. ठेकेदाराचा माणूस वैतागतो, मजूर मागून नकला करतात, पण हा हटत नाही. भित्रा माणूस एकदा भीतीपायी हट्टाला पेटला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

हा नेम त्याने एकदाच मोडला. गेल्या भाद्रपदात. आपल्याच दारात.

झालं असं, की गल्लीतल्या नळाला घाण वासाचं पाणी यायला लागलं. घराघरांत उलट्या, जुलाब, काही पोरांना कावीळ. खाली कुठेतरी गटार फुटून नळात मिसळत होतं. एरवी पावसाळ्यात इथे कुणी कुदळ लावत नाही, पण आता लोक ऐकेनात. मी स्वतः तीन ठिकाणी जाऊन आरडाओरडा करून आलो. शेवटी गौरी-गणपतीच्या ऐन तोंडावर काम निघालं आणि ते आलं ढुंढूच्याच ठेकेदाराकडे.

गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी ढुंढू यंत्र घेऊन गल्लीत गुडघ्यांवर बसला होता. बरोबर रामसूरत. रामसूरत चंदौलीकडचा, पन्नाशीचा, खणण्यात आयुष्य गेलेला मजूर. चिखलात चप्पल घसरते म्हणून अनवाणी काम करतो. त्याच्या दोन मुलींची लग्नं झालीत, तिसरीचं ठरलंय, हे सगळ्या गल्लीला माहीत, कारण तो चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर तेच सांगतो.

यंत्र कण्हत कण्हत नालीच्या जाळीपासून निघालं, गल्ली आडवी ओलांडली आणि सरळ ढुंढूच्या घराच्या उंबऱ्यापाशी येऊन पोचलं. केबल त्याच्या दारातूनच गेलेली, आणि तीही फार खोल नाही. त्याने पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. मग त्याने लाल रंगाचा डबा काढला, हलवला आणि उंबऱ्याच्या दगडावर पहिली फुली मारणार तोच आतून आनंदीवहिनी आल्या.

"ढुंढू, काय करतोस?"

"आई, केबल आपल्या दारातून गेलीय. निशाण लावतोय."

"आपल्या दरवाज्यावर? लाल?"

"बिजलीचं लालच असतं, आई."

"तुझ्या मामाच्या दरवाज्यावरपण लालच होतं."

ढुंढूचा हात तिथेच थांबला. शहरात रस्ते रुंद झाले तेव्हा वहिनींच्या माहेरच्या घरावर अशीच एक लाल फुली आली होती. आधी कुणी म्हणालं, नुसती मोजणी आहे. मग म्हणाले, ओटा तेवढा जाईल. मग सगळं घर गेलं. वहिनी तेव्हा रोज जाऊन त्या दाराकडे बघून यायच्या. शेवटी दारही दिसेना तेव्हा जायचं थांबलं. आता त्यांना लाल रंगाचा डबा हातात असलेला कुणीही माणूस दिसला की त्या आधी आपलं दार गाठतात, मग तो पोटचा मुलगा का असेना.

"ते वेगळं होतं, हे वेगळं आहे," ढुंढू म्हणाला.

"त्यांनीपण असंच म्हटलं होतं." वहिनी उंबऱ्यावर आडव्या उभ्या राहिल्या. "आणि उद्या गौर यायची आहे. ती हे निशाण ओलांडून येणार? मग मी नाही आणायची तिला. तुझे बाबाही इथे नाहीत." काशीनाथशास्त्री, त्याचे वडील, त्या दिवसांत यजमानांकडे नागपूरला गेलेले होते.

मी समोरच्या खिडकीतून हे बघत होतो; बोलणं काय झालं ते मला नंतर कळलं. मुलगा तारेला घाबरलेला, आई फुलीला घाबरलेली, आणि दोघंही खरेच घाबरलेले. रामसूरत एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत बसला होता.

तोड वहिनींनीच काढली. "लालच पाहिजे ना तुला? मग मी कुंकवाची पावलं काढते. तशीही काढायचीच आहेत. तू सांग, कुठून कुठपर्यंत."

खाली बसून त्यांनी वाटीत कुंकू कालवलं. मूठ आवळून तिच्या कडेचा ठसा, वर बोटांचे टिपके. एक डावं, एक उजवं. ढुंढू यंत्र धरून पुढे सरकत होता आणि आई त्याच्या मागोमाग पावलं उमटवत होती. नालीच्या जाळीपासून थेट उंबऱ्यापर्यंत, केबलच्या बरोबर वर. इतकी सुरेख दिसली ती पावलं, की मीही वरून "वा!" म्हणालो.

ढुंढूने रामसूरतला जवळ बोलावलं. "देखो चाचा, जहाँ पाँव हैं, वहाँ हाथ नहीं लगाना. उसके नीचे करंट है. खोदना है तो पाँव से हटके. और मेरे आने से पहले शुरू नहीं करना."

रामसूरतने पावलांना हात लावून कपाळाला लावला. "माई के पाँव पर सब्बल चलेगा भैया? समझ गए."

आता यात चूक काय झाली, ती बघा. ढुंढूची बायको मैत्रेयी त्या संध्याकाळी भोसले घाटाकडे आपल्या माहेरी पुरण वाटायला गेलेली. ती परतली तेव्हा वहिनी निजलेल्या, ढुंढूही निजलेला आणि गल्लीतला दिवा बंद. दाराशी काय ठरलं ते तिला कुणी सांगितलंच नाही. सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण खूण म्हणून काढली असली तरी शेवटी ती घरातली पावलं होती. घरातली पावलं घरातलं माणूस पुसेल, हे ढुंढूच्या भित्र्या डोक्यातसुद्धा शिरलं नाही.

सकाळी उजाडायच्या सुमारास ढुंढूला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लंका मोहल्ल्यातून फोन आला. तिथे गॅसची नळी कुणीतरी तोडली होती. ताबडतोब ये. त्याने ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, "गल्लीतलं काम?" तो म्हणाला, "तुम आओगे तब." ढुंढू निघाला. निघताना त्याने वाकून पावलं पाहिली. जागच्या जागी होती. वहिनी त्याआधीच पंचगंगा घाटावर स्नानाला गेल्या होत्या. त्यांच्या घरी खड्याच्या गौरी असतात. पाणवठ्यावरून खडे वेचायचे, पदराखाली झाकून घरी आणायचे, आणि वेचल्यापासून देवापुढे ठेवीपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. वहिनी लग्न होऊन आल्यापासून गौर आणतात. या व्रतात त्या तोवर एकदाही बोललेल्या नव्हत्या.

मग मैत्रेयी बादली आणि खराटा घेऊन सडासंमार्जनाला दारात आली. पावलं पाहून ती थबकली. मी खिडकीतच होतो.

"हे काय हो सुमंतकाका? आईंनी ही पावलं नालीतून काढलीयत! गौर काय नालीतून येणार?"

"मला काय विचारतेस? तुझ्या सासूला विचार," मी म्हणालो. मला तेव्हा त्या पावलांमागचं कारण कुठे ठाऊक होतं? वर इतकं काही ऐकू येत नाही, आणि मी पावलं बघत होतो, यंत्र नव्हे.

"मोतीबिंदूनंतर त्यांना नीट दिसतच नाही," असं पुटपुटत मैत्रेयीने पाणी ओतलं आणि खराट्याने सगळं लख्ख धुऊन काढलं. मग नेहमीसारखी, घाटाच्या बाजूने, भिंतीच्या कडेकडेने येणारी नवी पावलं काढली. खूप मन लावून काढली. वर हळदीची बोटंही ओढली. फोटो काढून घरच्या ग्रुपवर पाठवला आणि ओवाळण्याची तयारी करायला आत गेली.

थोड्याच वेळात ठेकेदाराचा माणूस मजूर घेऊन हजर. खालच्या बाजूच्या घरांत घाण पाणी शिरलं होतं आणि तिथली माणसं त्याच्या अंगावर धावून आली होती. ढुंढूसाठी थांबायची त्याची छाती नव्हती. त्याने चिखलपाणी उपसायचा मडपंप सुरू केला. त्याचा आवाज असा, की माझ्या खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. रामसूरतने मान वळवून पावलं शोधली. ती भिंतीच्या कडेला होती; काल कातरवेळी पाहिलेली हीच, असं त्याने धरलं. त्याने हात जोडले, साथीदाराला खूण केली की इकडे नको, माईचे पाय आहेत, आणि श्रद्धेने पावलांपासून चांगला दूर सरकून त्याने गल्लीच्या फरशीचा दगडी चौका उचकटला.

बरोबर केबलच्या वर.

मला फोन आला तेव्हा रामसूरत कमरेएवढ्या खड्ड्यात होता. दुसरा कान बोटाने बंद करून ऐकलं तरी ढुंढूचा आवाज ओळखूच येईना. धाप लागलेली, शब्द अर्धेमुर्धे.

"काका, पावलं कुठून आलीत? नालीकडून की घाटाकडून?"

"कसली पावलं?"

"दारातली! मैत्रेयीने फोटो पाठवलाय. ती फोन उचलत नाहीये. काका, बघा ना!"

मी वाकून पाहिलं. "घाटाकडून आहेत. तुला आत्ता पावलांचं काय पडलंय?"

तो म्हणाला, "रामसूरत कुठे आहे?"

"खड्ड्यात."

"काका, त्याला बाहेर काढा. तार त्याच्या पायाखाली आहे. ती पावलं खूण होती, काका. सब्बल मारू देऊ नका. काका..." पुढे नुसता गाडीचा आवाज ऐकू आला.

मी खिडकीतून ओरडलो. जीव खाऊन ओरडलो. मी बँकेत एका हाकेत सगळा हॉल शांत करायचो, पण त्या पंपापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. खाली रामसूरत घोट्यापर्यंत पाण्यात अनवाणी उभा. सब्बल वर जात होती, खाली येत होती. मी हातातला पाण्याचा पेला फेकला, तो मध्येच छज्ज्यावर फुटला. जिना उतरायचा तर आमचा जिना उभा आणि माझे गुडघे हे असे. खिडकी सोडू की जिना धरू, तेच कळेना. खिडकी सोडली आणि त्याच क्षणी काही झालं तर? मी तिथेच गजांना धरून राहिलो. इतका घाबरलेला मी आयुष्यात कधी नव्हतो.

तेवढ्यात गल्लीच्या वळणावर आनंदीवहिनी दिसल्या. अंगावर शाल, पदराखाली खडे धरलेली ओंजळ, मान खाली. मंगला गौरीचं दर्शन घेऊन येत होत्या. घराजवळ आल्यावर त्यांनी पावलं पाहायला मान वर केली आणि जागीच थांबल्या. त्यांनी आपली पावलं शोधली. ती नव्हती. होता तो खड्डा, आणि त्यात रामसूरत.

त्यांना कळलं. वरून मला त्यांचा चेहरा दिसला, म्हणून सांगतो.

त्यांनी खडे एका हाताने छातीशी धरून दुसऱ्या हाताने जोरजोरात खुणा केल्या. निघ, बाहेर निघ. रामसूरतने पाहिलं. पदराखाली झाकलेलं काही घेऊन, मुक्याने उभी असलेली व्रतस्थ बाई हात हलवते आहे. त्याला वाटलं, वाट मागते आहे. त्याने अदबीने मान लववली, अंग चोरून खड्ड्याच्या कडेला सरकला, त्यांना जायला जागा करून दिली, आणि पुन्हा सब्बल उचलली.

दारात मैत्रेयी दूध-पाण्याचा तांब्या आणि ओवाळण्याचं तबक घेऊन उभी राहिली होती. सासू पुढे का येत नाही, तिला कळेना.

वहिनींचे ओठ हलले. मग त्या ओरडल्या. पंपाच्या आवाजात मला काहीही ऐकू आलं नाही, फक्त उघडलेलं तोंड आणि गळ्याच्या शिरा दिसल्या. आयुष्यभराचं मौन मोडलं आणि ते कुणाला ऐकूही गेलं नाही. रामसूरतची पाठ त्यांच्याकडे होती. सब्बल वर गेली होती.

तेव्हा वहिनींनी हातातल्या गौरी त्याच्या पाठीवर भिरकावल्या.

खडे पाठीत लागले तसा तो दचकून वळला. सब्बल तशीच वर. कुणीतरी पंप बंद केला. गल्लीत एकदम शांतता झाली. ज्या माईला तो हात जोडत होता तिने त्याला दगड मारले होते. रडवेल्या आवाजात तो म्हणाला, "माई, हमसे का गलती भइल?"

आणि मग त्याला दिसलं, की ते देवीचे खडे आहेत आणि आपल्या पायाशी घाणीत पडलेत. तो घाईने वाकला आणि गढूळ पाण्यात हात घालून चाचपू लागला.

"हात मत लगा!" वहिनी किंचाळल्या. "निकल! बाहर निकल! करंट है!"

रामसूरतचा हात पाण्यातच थांबला. त्याच्या बोटांना खडा लागला होता, आणि खड्याखाली काहीतरी गोल, गुळगुळीत. जन्मभर माती उपसलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. त्याने हात अगदी हळू वर घेतला, सब्बल आडवी कडेवर ठेवली आणि दोन्ही तळहातांवर जोर देऊन बाहेर आला. आमच्या पायरीवर बसला आणि लटलट कापायला लागला. मी कसाबसा खाली पोचलो होतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर कोण जास्त कापतंय तेच समजेना.

ढुंढू आला तो पळतच. गाडी चौकातच टाकून आला होता. पायरीवर रामसूरत बसलेला पाहिला, तेव्हा तो थेट त्याच्यापुढे गेला. तिथेच बसून त्याने रामसूरतचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले, बोटं चाचपली. मग उठून कुणाशी न बोलता यंत्र काढलं. ते खड्ड्यावर धरताच जोरात कण्हायला लागलं.

फोन करून वीज बंद करवली. यंत्र गप्प झालं. तरी त्याचा विश्वास बसेना. पुन्हा तपासलं, पुन्हा फोन करून विचारलं, मग रबरी हातमोजे घालून तो खाली उतरला. पाणी उपसून चिखल बाजूला केला. केबलचं जाड कवच उघडं पडलं. त्यावर सब्बलीचा ताजा घाव होता, आतला काळा थर दिसण्याइतका खोल. त्याला लागूनच वहिनींचा एक खडा रुतून बसला होता.

"अजून एक घाव बसला असता तर..." ढुंढू म्हणाला आणि रडायला लागला. खड्ड्यात उभं राहून, हातमोज्यांनी तोंड झाकून रडला. "मी कधी पुसणारी खूण करत नाही. काल केली. चाचा मेले असते. माझ्या दारात मेले असते."

दारातून मैत्रेयीचा आवाज आला. "मी पुसली रे. मला काय माहीत? मला वाटलं आईंना दिसलं नाही म्हणून..."

"तू गप्प बस," वहिनी म्हणाल्या. "तुझं काही नाही. मला फुलीचं भय वाटलं, म्हणून झालं हे."

ढुंढूने चिखलातून खडे वेचून एकेक वर दिला. वहिनींनी ते गंगाजळाने धुतले. एक सापडलाच नाही. तेव्हा त्यांनी खड्ड्याच्या कडेला पडलेली, गल्लीच्या चौक्यातून उडालेली एक कपची उचलली, तीही धुतली आणि बाकीच्यांत ठेवली. त्यावर कुणी शास्त्र काढलं नाही. मी काढू दिलंही नसतं.

मैत्रेयी पाय धुवायला तांब्या घेऊन पुढे झाली. पण वहिनी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"ढुंढू, तुझा डबा कुठे आहे?"

"कसला डबा?"

"रंगाचा. लाल. आधी फुली मार, मग गौर आत येईल."

त्याने खड्ड्याकडे बोट दाखवलं. "आई, आता दिसतेच आहे केबल. नंतर मारतो."

"आत्ता. माझ्यासमोर. पुसली जाणार नाही अशी."

ढुंढूने डबा आणला. नालीच्या जाळीपासून रेघ ओढत आला आणि उंबऱ्याच्या दगडावर मोठी लाल फुली मारली. घाईत फुलीचा एक पाय सरळ आला आणि दुसरा वाकडाच गेला. वहिनी त्या फुलीकडे बघत होत्या. भावाच्या दारावर पाहिली होती तशीच ती होती. त्यांनी डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले. भीती गेली नव्हती, मला स्पष्ट दिसत होतं.

"घर पाडायला कुणी आलं तर मी बघून घेईन," त्या म्हणाल्या. मग ओंजळ छातीशी धरून त्यांनी उजवा पाय उचलला आणि ती फुली ओलांडून गौर घरात नेली.

रामसूरत त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवला. ढुंढू पानावर आला नाही. तो उंबऱ्याशी बसून रंग वाळायची वाट बघत होता, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "जरा जपून. पाय लावू नका."